सोमवारचा अर्ज

॥ श्री ॥
मु. कसबे निंबगाव, चैत्र वद्य ३, शके १८६६

ती. स्व. सौ. गिरिजाअक्का हीस,
धाकटा भाऊ शिवशरण याचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. अप्पांची तब्येत ठीक आहे, पण मोतीबिंदू वाढलाय. माणूस आवाजावरून ओळखतात आणि पेंड वासावरून. तरी गादी सोडत नाहीत, तराजूही दुसऱ्याच्या हाती देत नाहीत. तुझं पत्र नेहमीप्रमाणे मी दुकानात मोठ्यानं वाचून दाखवलं. बसलेल्या गिऱ्हाइकांनीही ऐकलं, तेव्हा दाजींच्या घोरण्याच्या तक्रारी यापुढे जरा बेतानं लिही.

आता ऐक. मी अजून हादरलेलाच आहे. गेल्या आठवड्यात बल्दियाच्या कमेटीनं दवंडी पिटली की पेठेत वेशीपासून चौकापर्यंत एकही बैलगाडी उभी करायची नाही. गाड्या वेशीबाहेरच्या मुरमाडावर सोडायच्या आणि माणसांनी पायी यायचं. नाक्यावर लाठीवाला शिपाई बसवलाय. आधी मला वाटलं, चार दिवसांचं नाटक असेल. पण काल एका म्हाताऱ्या गाडीवानाचे बैल शिपायानं दाव्यासकट ओढून नेले आणि आम्ही सगळे तोंडात बोट घालून बघत राहिलो. मजा म्हणजे हुकूम फक्त बैलांना आहे. कमेटीच्या साहेबांची मोटार चौकातल्या लिंबाखाली दिवसभर सावलीला उभी असते.

अक्का, आपलं दुकान सरकीपेंडीचं आणि दाव्याकासऱ्यांचं. गाडी दारात आली तरच पोतं जातं. सरकीचं पोतं पाठीवर घेऊन वेशीबाहेर कोण चालेल? आपल्या दारातल्या हौदावर बैल पाणी प्यायचे, तोवर माणूस दोन वस्तू घ्यायचा. आता हौदावर चिमण्या अंघोळ करतात. शेजारचे शरणबसप्पा कापडवाले आधी खूश होते, दारातलं शेण गेलं म्हणून. आता शेणाबरोबर गिऱ्हाईकही गेलं म्हणून डोकं धरून बसलेत. मृगापर्यंत असंच चाललं तर अप्पांच्या चाळीस वर्षांच्या दुकानाला मला माझ्या हातानं कुलूप घालावं लागेल.

कचेरीतला कारकून सांगत होता की हा हुकूम रयतेतल्याच कुणाच्या तरी अर्जावरून निघालाय. नाव सांगायला तयार नाही. ज्यानं हा अर्ज दिला त्याच्या दारात कधी बैल उभा राहू नये, असं मी भर दुकानात बोललो. अप्पा काहीच बोलले नाहीत.

दाजींना नमस्कार, पोरांना पापे. माया आहे तशीच ठेव.

तुझा
शिवशरण

---

मु. जळकोट, चैत्र वद्य ९

चि. शिवशरण यास गिरिजाअक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मला खरंच वाटेना. पेठेत गाड्या नाहीत म्हणजे पेठ कसली ती? माझ्या डोळ्यांपुढे आपलं दार म्हणजे वशिंडांची रांग. लहानपणी तू त्यांच्या पोटांखालून पळायचास आणि मी तुझी शेंडी धरून ओढून आणायची.

तुझे दाजी म्हणाले, आमच्यासारख्या शेतकऱ्यानं काय पेंड डोक्यावर मिरवायची? मी म्हटलं, घोरण्यापेक्षा तेवढी मेहनत बरी. थट्टा राहू दे. आमचीही पेंड संपत आलीय, पुढल्या पंधरवड्यात ते चांद्या-पाखऱ्याची जोडी घेऊन येतील. दुसऱ्या गावाहून घेणार नाही, काळजी करू नको.

मात्र एवढ्या कडक शिव्या देत जाऊ नकोस. कुणी दिला असेल अर्ज, काय मनात असेल, आपल्याला काय ठाऊक. आणि अप्पा गप्प का आहेत? ते दुकानात गप्प बसणाऱ्यांतले नव्हेत. तुझ्या कारभारणीला, इरम्माला सांग, त्यांच्या जेवणाकडे लक्ष ठेव. लोभ असू दे.

तुझी
अक्का

---

मु. निंबगाव, चैत्र वद्य १२

चि. सौ. गिरिजा हीस अप्पाचे अनेक आशीर्वाद.

दिसत नाही म्हणून अक्षर मोठं काढलंय. हे पत्र तुझ्यापुरतंच. उत्तर पाठवू नकोस. पत्र आलं की शिवशरण दुकानात मोठ्यानं वाचतो. तू आलीस की बोलू.

पोरी, तो अर्ज माझा आहे.

माघातला सोमवार होता. आपल्या दारात एक गाडी सकाळपासून उभी होती. मालक कोर्टात गेलेला, बैल जुंपलेलेच. दिवस कलला तरी कुणी सोडले नाहीत. मी चाचपत गेलो, मानेवर हात ठेवला तर हाताला ओलं लागलं. खांदा सोललेला. सोमवारी आपल्यात बैल जुंपत नाहीत, बसवण्णाचा, नंदीचा वार. आणि त्याच वारी माझ्या दारात त्याचं रक्त माझ्या हाताला. मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी अर्जनवीसाकडे गेलो. त्याला सांगितलं, एवढंच लिहा की सोमवारी जुंपलेले बैल पेठेत उभे करू नयेत. त्यानं उर्दूत लिहिलं, मी खाली मोडीत सही केली. कमेटीत बसणाऱ्यांना पेठेतली गर्दी नकोच होती. ते म्हणाले, सोमवारच कशाला? सातही वारांचा हुकूम काढला. मी एक वार मागितला होता गिरिजा, त्यांनी माझ्या नावावर आठवडा घेतला.

शिवशरण रोज त्या माणसाला शिव्या देतो आणि मी गादीवर बसून ऐकतो. सांगायला तोंड उघडतो, पण सांगवत नाही. दुकान त्याचं आहे आता, त्याच्या पोराबाळांचं आहे. मी काय करून बसलो, मला कळत नाही.

जावई आण्णारावांना आशीर्वाद सांग. म्हाताऱ्यावर राग धरू नकोस.

अप्पा

---

मु. जळकोट, वैशाख शुद्ध ११

ती. स्व. अप्पांच्या चरणी गिरिजाचा शि. सा. न. वि. वि.

अप्पा, कसं कळवू? आपला चांद्या गेला.

मंगळवारी हे तुमच्याकडे पेंडीला आले होते. सोमवारी आम्ही जुंपत नाही, म्हणून मंगळवार धरला. गाडी वेशीबाहेर सोडली. तिथं ना झाड, ना आड. बैलांना वैरण टाकून हे पायी दुकानात आले. तुम्ही त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाहीत. मग पोती पाठीवरून दोन खेपांत नेली. तोवर भर दुपार उलटून गेली होती आणि बैल उन्हात मुरमावर कोरडे उभे. परत येताना दोन कोसांवर चांद्या गुडघ्यावर बसला, पुन्हा उठला नाही. दिवस मावळायच्या आत गेला. यांनी पाखऱ्याला एकट्यालाच हाती धरून आणलं, गाडी रस्त्यात सोडून. आल्यापासून पाखऱ्याजवळच बसून आहेत.

माझ्या लग्नात तुम्ही दिलेल्या गाईचा तो शेवटचा गोऱ्हा. दारात आला की आधी माझ्याकडे मान वळवायचा. दारात उभा असता तर आपल्या हौदावर पोटभर प्यायला असता.

तुमचा अर्ज बैलांच्या दयेनं केलेला, मला ठाऊक आहे. तुम्हाला बोल लावायचा नाही, असं म्हणते, पण तो लागतोच आहे अप्पा, माझ्याच्यानं आवरत नाही. उत्तर पाठवू नको म्हणालात, तरी लिहावंच लागलं. आता शिवशरणला सांगा. आणखी कुणाचा चांद्या जायच्या आत सांगा.

जे लिहिलं त्याची क्षमा असावी. लेकीवरची माया कमी करू नये.

तुमची
गिरिजा

---

मु. निंबगाव, वैशाख वद्य ८

ती. स्व. अक्का हीस शि. सा. न. वि. वि.

चांद्याचं वाचून इरम्मा चुलीपुढे रडत बसली. दाजींना सांग, मी येतो. पण त्याआधी इथं जे झालं ते तुला कळलंच पाहिजे.

तुझं पत्र पोस्टमननं माझ्याच हाती दिलं. सवयीनं फोडलं आणि मोठ्यानं वाचायला लागलो. शरणबसप्पा होते, दोन-तीन गिऱ्हाइकं होती. अप्पांनी एकदा हात वर केला, मला वाटलं माशी हाकलतात. चांद्याचं आलं तरी मी वाचत राहिलो, आणि 'तुमचा अर्ज' हे शब्द माझ्याच तोंडून सगळ्यांनी ऐकले. पुढची ओळ मला दिसेना. अप्पा एवढंच म्हणाले की म्या एक वार मागितला व्हता. शरणबसप्पा चपला घालून निघून गेले.

अक्का, ज्या माणसाला मी महिनाभर शिव्या देत होतो तो माझ्या शेजारी गादीवर बसला होता. मला धक्का अर्जाचा बसला की ते ऐकत राहिले याचा, मला सांगता येत नाही. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी ते काठी टेकत एकटेच कचेरीत गेले. तिथं त्यांना सांगितलं की हुकूम तुमच्या अर्जावर उभा आहे. बैलांना उभं राहून त्रास होतो हे मी खोटं लिहिलं, असं लिहून द्या, मग बघू. एव्हाना पेठेतल्या सगळ्यांचे हुकुमाविरुद्ध अर्ज गेले होते, कमेटीलाही सुटायला वाट हवीच होती. अप्पांनी लिहून दिलं. ज्या माणसानं जन्मात माप मारायला तराजूला बोट लावलं नाही, त्यानं स्वतःच्या सहीनं स्वतःला खोटं ठरवलं. परत आले ते गादीवर चढले नाहीत. खोटं लिहिलेला हात तराजूला लावायचा न्हाय, असं इरम्माजवळ म्हणाले.

हुकूम उठला. काल सोमवारी पेठेत पुन्हा गाड्या आल्या. मला पाणी प्यायला उसंत नव्हती. अप्पा सकाळपासून रस्त्यात होते. हौदातून बादली भरायची, जुंपलेल्या बैलापुढे धरायची, मग जुवाखाली हात घालून खांदा चाचपायचा. मोतीबिंदूमुळे दोनदा चाकाला अडखळले. मी गादीवरून बघत होतो आणि उठलो नाही.

दुपारी परमुलखातला एक गाडीवान पोतं घ्यायला आला. अप्पा त्याच्याच बैलांना पाणी पाजत होते. त्यानं मला विचारलं की हा म्हातारा गडी पाण्याला तुम्हीच ठेवलाय का. मी व्हय म्हणालो.

अप्पांनी ऐकलं. त्यांचे कान तुला ठाऊक आहेत. ते बादली घेऊन हौदाकडे वळले आणि पुढच्या गाडीपाशी गेले.

अक्का, मी यायच्या आधी तूच ये. तू आल्याशिवाय माझं तोंड त्यांच्यापुढे उघडणार नाही. दाजींना आणि पोरांना घेऊन ये. माझ्यावर जो काही लोभ शिल्लक असेल तो राहू दे.

तुझा
शिवशरण