ऐन रतमचा आवाज

सोमवार, ७ ऑक्टोबर

आले बाई एकदाची! आमच्या बंदराच्या शहरातून, सफाकसहून, वडापच्या गाडीत चेपून बसले, मांडीवर कुणाची तरी कोंबडी, पण डोंगर दिसायला लागले तशी माझी कळी खुलली. ऐन रतम एवढंसं गाव, पण त्याला स्वतःचा रेडिओ आहे आणि उद्यापासून सकाळचा कार्यक्रम माझा! नळाला पाणी का नाही, नगराध्यक्ष कुठे दडून बसलेत, सांस्कृतिक केंद्रात शुक्रवारी कोण गाणार, सगळं गाव फोन करून बोलतं आणि निवेदिकेनं त्यांना बोलतं ठेवायचं. मला दुसरं येतं तरी काय?

रेडिओ म्हणजे बेकरीच्या माडीवरच्या दोन खोल्या. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुने गालिचे ठोकलेत. काचेपलीकडे मोन्सेफ बसतो, यंत्रं सांभाळणारा, पोट सुटलेला लाजरा माणूस. चहापाणी आणि झाडलोट म्बारका मावशीकडे. तिनं आल्या आल्या चिमटा काढलाच, सफाकसची ना तू, त्या चिकट लोकांतली, मग चहात साखर मोजून घालत असशील! मी म्हटलं, मोजून घालते आणि उरली तर परत डब्यात टाकते. दोघंही खो खो हसली. जमणार आमचं.

आईला फोन केला. डायबिटीसनं तिचे डोळे गेले तेव्हापासून ती मला आवाजावरूनच ओळखते. जिन्यात खोकले तरी आतून म्हणते, सिहेम, सर्दी झाली का गं? शेजारची राधिया तिला मोबाइलवर आमचा रेडिओ लावून देणार आहे. आई म्हणाली, आता रोज सकाळी तू घरातच असल्यासारखी. मला भरून आलं.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

पहिला दिवस पार पडला. पहिलाच फोन गिरणीच्या गल्लीतल्या अमोरकाकांचा. म्हणाले, सुप्रभात, लल्ला शादलिया! 'लल्ला' म्हणजे बाईसाहेब म्हणण्याइतका मान, पण नाव भलतीचंच. आमच्या धंद्यात एक नियम आहे, कार्यक्रम चालू असताना फोनवरच्या माणसाची चूक काढायची नाही. तो बिचारा ओशाळतो आणि पुन्हा फोन करत नाही. म्हणून मी सहज म्हटलं, हो, बोला ना.  पलीकडे म्हातारा रडल्यासारखं हसला आणि पाइपलाइनबद्दल तावातावानं बोलत सुटला. काचेपलीकडे मोन्सेफ खुर्चीतून उठून उभा राहिला होता.

नंतर कळलं, शादलिया ही माझ्या आधीची निवेदिका. वसंतात गेली, याच खुर्चीत, पाण्याच्या टँकरवर बोलता बोलता. गावाचा फार जीव होता तिच्यावर. रोज सुरुवातीला लोकांना 'माझ्या काळजाच्या तुकड्यांनो' म्हणायची. मला असलं गुळमट बोलणं जमायचं नाही.

म्बारका मावशीनं मला बाजूला घेऊन विचारलं, मेलेल्या बाईच्या नावानं हाक मारली आणि तू ओ दिलीस? मी म्हटलं, रीत म्हणून दिली. तिनं माझं कपाळ हुंगलं, मुका घेतला आणि म्हणाली, आता दिलीस ती दिलीस. मग चमचाभर मध आणून भरवला. काय ही माणसं!

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

सगळेच मला शादलिया म्हणतात. आज सुरुवातीलाच ठणकावून सांगितलं की मी सिहेम, सफाकसची. पहिल्याच फोनवरची बाई म्हणाली, पुरे गं तुझी मस्करी शादलिया, आमच्या शाळेची भिंत कधी पडतेय ते विचार त्या नगराध्यक्षाला!

आणि मी बोलून गेले, तो पाणीचोर मुंगूस बिळातून बाहेर आला तर विचारीन ना! गाव हसून लोटपोट. पण हे 'पाणीचोर मुंगूस' मी कुठून आणलं? मोन्सेफ म्हणाला, नगराध्यक्षाला ते नाव शादलियानंच ठेवलं होतं. कुणाच्या तरी तोंडून ऐकलं असेल मी. असेलच.

रविवार, १३ ऑक्टोबर

आईशी बोलले. तिनं काळजीनं विचारलं, तुला अजून रेडिओवर बसवत नाहीत का? रोज ती म्हातारीच बोलते. आवाज गोड आहे तिचा, जरा घोगरा, वाक्याच्या मधेच हसते. पण मी तुझी वाट बघत बसते ना!

मी म्हटलं, अगं, मीच बोलते रोज.  ती म्हणाली, आंधळ्या आईची थट्टा करू नये, सिहेम.

फोनवर मात्र तिनं मला ओळखलं. ओळखलं ना! मग रेडिओवर कोण बोलतंय? दुपारचं रणरणतं ऊन आहे आणि मला हुडहुडी भरलीय.

सोमवार, १४ ऑक्टोबर

कार्यक्रम संपल्यावर मोन्सेफला म्हटलं, माझं रेकॉर्डिंग ऐकव. तो टाळाटाळ करत राहिला. मी हटून बसले तेव्हा लावलं.

शब्द माझे. मधे ग्लास सांडला होता तो आवाजही त्यात आहे. पण बोलणारी मी नाही. घोगरी, पोक्त बाई, वाक्याच्या मधेच हसणारी.

मोन्सेफ मान खाली घालून म्हणाला, रागावू नको पोरी. ती गेल्यावर गाव मुकं झालं होतं. तुझ्याआधी दोघी आल्या. लोकांनी त्यांनाही शादलिया म्हणून हाक मारली, पण त्यांनी फटकन सांगितलं, आम्ही ती नाही. त्या गेल्या आपापल्या घरी सुखरूप. ओ फक्त तू दिलीस.

मी विचारलं, आणि तू मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस? तर म्हणतो, मलाही तिची आठवण येत होती.

बुधवार, १६ ऑक्टोबर

पळून जायचं ठरवलं. पिशवी घेऊन गाडीतळावर गेले. ड्रायव्हर पाठमोरा होता. म्हटलं, सफाकसची एक जागा द्या. तो गर्रकन वळला, डोळे भरलेले. म्हणाला, लल्ला शादलिया, आम्हाला सोडून चाललात? माणसं जमली. कुणी हात धरला, कुणी खजूर दिले. इतक्या मायेनं मला माडीपर्यंत परत आणून सोडलं की मी ओरडूसुद्धा शकले नाही.

म्हणजे आता बाहेरही. रेडिओशिवायही. मी घाबरलेय. खूप घाबरलेय.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

आईला फोन लावला. ती म्हणाली, कोण बोलतंय? मी म्हटलं, आई, मी. ती म्हणाली, बाई, चुकून लागला वाटतं.

तिला सगळं सांगितलं. लहानपणी मी बंदरावर हरवले होते ते, तिनं मला निळ्या शालीत गुंडाळून घरी आणलं ते. ती किंचाळली, हे तुला कुणी सांगितलं? माझ्या पोरीचं काय केलंत तुम्ही?

राधियाला मेसेज लिहिला, आईला वाचून दाखव म्हणून. उत्तर आलं, त्या म्हणतात, लिहील कुणीही, ती असेल तर बोलू दे.

शनिवार, १९ ऑक्टोबर

हात अजून माझे आहेत. आई हात धरेल, बोटं चाचपेल, ओळखेल. तिच्यापर्यंत पोचायला हवं, बस्स. मोन्सेफ पाझरला. सोमवारी कार्यक्रम झाला की स्वतःच्या गाडीनं सोडतो म्हणाला. तोवर तोंड उघडायचं नाही. म्बारका मावशी मध घेऊन आली तर दार लावून घेतलं. ती बाहेरून म्हणाली, शादलिया, लाडात येऊ नकोस—

सोमवार, २१ ऑक्टोबर

मी बोलणारच नव्हते. ओठ घट्ट मिटून बसले होते. पहिला फोन—

आई.

गावाला विनवत होती. माझी सिहेम तुमच्याकडे आलीय हो. तिचा फोनच येत नाही. कुणी पाहिली असेल तर सांगा, मी आंधळी बाई, कुठे शोधू?

मी जिवाच्या आकांतानं 'आई' म्हणून ओरडले. ओरडले ना! कानात आलं ते असं— ताई, रडू नका. त्या नावाची मुलगी इथे आलीच नाही.

मग फोनवर फोन. अमोरकाका, शाळेची बाई, गाडीतळावरचा ड्रायव्हर. सगळे आईची समजूत घालत होते. नाही आली हो ताई. असती तर आम्ही जिवापाड जपली असती.

आई म्हणाली, देव तुमचं भलं करो, लल्ला. तुमच्या आवाजानं धीर येतो. रोज ऐकत जाईन.

मोन्सेफनं गाडीची किल्ली खिशात टाकली. मी हात पुढे केला तर त्यानं हातात चहा—

लिहिताना तरी मी मीच आहे. मी सिहेम. आईचं नाव झोहरा. निळी शाल. बंदर. मी सिहे—

मंगळवार

चहा छान झालाय आज. म्बारकाला सांगितलं, बदाम जरा जास्त घाल. आज पाण्याचा विषय पुन्हा काढायचा, मुंगसाला सोडायचं नाही, माझ्या काळजाच्या तुकड्यांनो. सफाकसहून कुणी मुलगी कामाला येणार होती म्हणे. तिची आई फोन करून विचारत होती बिचारी. वाईट वाटतं. पण ती पोरगी काही इथे आली—