नवरीच्या दारातलं आयडलिंग

शुक्रवार, ३ जून २०११. सकाळी ९.१०

झेफकाकांच्या गाडीचं बोनेट उघडून कान देऊन उभा होतो. थंड इंजिन अगदी शहाणं. वीस मिनिटांनी तापलं आणि मिसिंग सुरू! स्टिअरिंग थरथरतं, आरशात माझं तोंड हलतं. ॲक्सिलरेटर दाबला की ठीक. सोडला की पुन्हा धडधड.

बावीस वर्षांची काळी जर्मन गाडी. काकांच्या तिन्ही सुना हिच्यातूनच आल्या. चौथी, आन्तोनची नवरी, बारा तारखेला डोंगरातल्या गावाहून येणार. त्या घरची रीत अशी की नवरीच्या दारात इंजिन बंद करायचं नाही. आत कॉफी होते, राकीचे पेले होतात, रडणं होतं. तासभर गाडी चालूच. बंद पडली तर नवरीचं नशीब तिथंच थांबलं म्हणतात. तारीखही हलत नाही. आमच्या शकोद्रा शहरात घरात मयत झाली तरी वऱ्हाड निघतं.

मी ज्यांच्या हाताखाली काम शिकतो त्या उस्ता फ्राननी विचारलं, "मागच्या महिन्यात हिचे प्लग नि नळ्या कुणी बदलल्या?"

मीच.

"मग शोध तूच. दारात बंद पडली, तर सोमवारी माझ्या गॅरेजच्या दारात येऊ नकोस."

शनिवार, ४ जून

सहाही प्लग काढून पाहिले. रंग एकसारखा, विटकरी. पुन्हा बसवले. मिसिंग तसंच.

सोमवार, ६ जून

इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढली. दर वेळी इंजिन सारखंच दबलं. म्हणजे सहाही सिलिंडर नीट जळतात. मग उरतं काय – कुठून तरी हवा आत शिरतेय. म्हणजे नळ्या. म्हणजे मी!

उस्ता बोनेटपाशी आले, उभे राहिले. "ज्योवालिन, तुला सर्दी झालीय का रे?"

"नाही, उस्ता."

"मग बरंय," म्हणाले आणि गेले. काय बोलतात कळत नाही. हाताला लसणाचा वास येतोय. दुपारी माशाबरोबर दही-लसूण जास्त झालं.

मंगळवार, ७ जून

झेफकाका आले. रागावले नाहीत, तेच वाईट. "बाळा, होईल ना? आई रोज विचारते." त्यांची आई, द्राने आजी, शहाऐंशीची. दिसतं कमी, पण गाडी अंगणात असली की तिच्यापाशी खुर्ची टाकून जपमाळ ओढते. "गाडीपेक्षा तीच जास्त तापते," काका म्हणाले. मला हसू आलं नाही.

गुरुवार, ९ जून

दिसतात त्या सगळ्या नळ्यांवर पाणी शिंपडलं. काही नाही. तीन दिवस राहिले.

शुक्रवार, १० जून. दुपारी ४.२५

सापडलं!

रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं, दुसरं तापलेल्या इंजिनावरून फिरवत गेलो. अगदी मागे, पत्र्यालगत, खाली – फुस्स. हात शिरत नव्हता. दोन बोटं घातली. मी बसवलेला रबरी बाक, म्हणजे नळीचा वळणाचा तुकडा, एका बाजूने उचललेला! माझीच चूक. पण बोटाला कापड लागलं. ओढलं. लाल दोऱ्याने बांधलेली पुरचुंडी, आत लसणाच्या तीन पाकळ्या. गाडीला दृष्ट लागू नये म्हणून! नळीखाली ठासलेली. रबर तापून मऊ झालं की बाक सुटायचा.

बाक दाबून बसवला. धडधड गेली. बोटं भाजली ते नंतर कळलं.

शनिवार, ११ जून

इंजिनावर पाण्याचा ग्लास ठेवून दीड तास चालू ठेवलं. पाणी हललं नाही. मग गाडी घरी पोचवली.

द्राने आजीने माझी बाही धरली. हळूच म्हणाली, "जागेवर आहे ना रे ती?"

"आहे, आजी. गाडीबरोबरच आहे."

माझ्या खिशात होती. खोटं बोललो का? उद्या उस्ता चालवणार, मी शेजारी बसणार. म्हणजे गाडीबरोबरच.

रविवार, १२ जून. रात्री

एक तास दहा मिनिटं! आत बायकांचं रडणं, बाहेर मी आरपीएमच्या सुईकडे बघत. एकदा गाडी हादरली. जीव गेला. पंखा लागला होता फक्त. उस्ता शेजारी डोळे मिटून. नवरी आली, बसली, निघालो. परतताना रिवाजाप्रमाणे दुसऱ्या रस्त्याने.

सोमवार, १३ जून

सकाळी पुरचुंडी उस्तांपुढे ठेवली. त्यांनी ड्रॉवर ओढला. आत तशाच तीन पुरचुंड्या. वाळलेल्या, दोरे फिके.

"तुम्हाला माहीत होतं!"

"बोनेट उघडलं की वास येतो. तुझं नाकच चालेना."

"मग आठवडाभर सांगितलं का नाही?"

"मला तरी कुणी सांगितलं होतं? पहिली मला सापडली तेव्हा थोरली सून नवरीच्या वेषात उंबऱ्यात उभी होती, आणि इंजिन बंद पडलेलं होतं. रडण्याच्या आवाजात पुन्हा चालू केलं. कुणाला कळलं नाही. आजवर."

थोरल्या सुनेला चार मुलं आहेत. काल वरातीत सगळ्यात जास्त तीच नाचली.