कॅन्ससचं दुर्मीळ फूल

प्रिय नीरजा,

तुझी ती दिव्य पुडी दसऱ्याला तिकडून सुट्टीवर आलेल्या निशांतनं आणून दिली. वर फोटो नाही, नुसतं जीभ वळणार नाही असं नाव, आणि पुडीपेक्षा तुझ्या सूचनाच जाड. बी आधी फ्रीजमध्ये ठेव, खत घालू नकोस, पाणी जपून. शिवाय फोनवर, ताई, हे आमच्या माळरानाचं अस्सल रानफूल आहे हं! आमच्या? अगं, जन्मलीस झाँसीत, बुंदेलीत भांडायला शिकलीस, आणि कॅन्ससचं माळरान तुझं कधीपासून झालं?

तरी ठेवलं मी बी दह्याच्या पातेल्याशेजारी. तुळशीजवळचा वाफा तुझ्या महाराणीसाठी मोकळा केला, माझी कोथिंबीर उपटून. आई खुर्ची टाकून राखण करायची. शेजारच्या कमळाबाई डोकावल्या की त्यांना ऐकवायची, हमारी नीरू ने अमेरिका से भेजा है. कमळाबाई बिचाऱ्या हात जोडायच्या तेवढ्या बाकी होत्या.

होळीच्या सुमारास फूल उमललं. मधे लाल, कडेला पिवळं. मी कपाळावर हात मारला. गलांडा! नीरजा, गलांडा! बाबांनी फाटकाशी लावलेला, तू रोज ओचाभर खुडून देवांना वाहायचीस तो. देवळाबाहेर हारवाले ढिगानं विकतात तो. असेल मूळचा तिकडचा, मला काय त्याचं! पण तिथं तो दिसल्यावर तुला घर आठवू नये? एवढी कशी गं तू कोरडी झालीस? वर आम्हालाच शिकवतेस, गलांडा कसा लावायचा ते!

फोनवर बोलले तर आई ऐकते, म्हणून हे पत्र लिहून त्याचाच फोटो फोनवर पाठवतेय. आई आता अंथरुणातून उठत नाही. डॉक्टरांनी आशा सोडलीय. नीरूला सांगू नकोस, तिला रजा मिळत नाही, असं मला बजावून ठेवलंय. खिडकीतून वाफ्याकडे बघत पडून असते. गलांडा तिनं माझ्याआधी ओळखला होता. तरी काल मला दटावून म्हणाली, नीरूला कळव, असं फूल झाँसीत कुणी पाहिलं नव्हतं. कळवलं बघ. तुझं मन राखायला ती या अवस्थेतही खोटं बोलतेय. मला तुझा संताप येतो, आणि तरी तू इथं हवी आहेस. गलांडा उन्हाळाभर फुलेल. आईला तेवढा वेळ नाही. ये.

तुझीच,
बकुळाताई