घर शेजारणीला

मी अर्गिरो, नाऊम मेंढपाळाची विधवा, राहणार पेट्रोखोरी. वय बाहत्तरच्या आसपास. जन्माची वही युद्धात कुणीतरी शेकोटीला लावली, कुणी ते पाद्रीबाबा सांगत नाहीत. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे. ज्याला शंका असेल त्याने माझ्याशी भांडून पाहावं. हे मृत्युपत्र लिहिणारे क्लेआंथिस मास्तर. त्यांनी माझी भाषा सुधारू नये.

१. सात शेळ्या पाद्रीबाबांना. यादवी युद्धात आज डोंगरवाले बंडखोर, उद्या सरकारी लष्कर, दोघांनाही ते शपथेवर सांगायचे, गावात चीजचा तुकडा उरला नाही. त्या खोट्या शपथेवर आम्ही जगलो.

२. माग भाची ख्रिसांथीला. तिला विणता येत नाही, पण ती फक्त पंचेचाळीसची आहे. शिकेल.

३. घर. माझा पोरगा स्टेर्यो डोंगरवाल्यांकडून लढला, हरला, सीमेपार गेला. आता ताश्कंदला यंत्रं दुरुस्त करतो. सरकार म्हणतं, तो इथला नागरिक नाही. त्याच्या नावे लिहिलं तर घर सरकारजमा. म्हणून घर, अक्रोडाच्या झाडासकट, मी शेजारीण स्तामातियाला देते, बिनशर्त. किल्लीचं पुढे काय करायचं ते तिला ठाऊक आहे. मी लिहीत नाही, मास्तरही लिहीत नाहीत.

गाव तोंडात बोटं घालेल. बांधावरून आमचं एकतीस वर्षांचं भांडण. लष्कराने गाव रिकामं करून आम्हाला तंबूत कोंबलं, तेव्हाही तिने मध्ये चादर टांगून हद्द आखली. मग मी तापाने फणफणले. त्याच चादरीत गुंडाळून, पाठुंगळी घेऊन तिनेच मला दवाखान्यात नेलं आणि वाटभर माझ्या वजनावरून मला बोल लावले. दुसऱ्याची काडीसुद्धा ती ठेवून घेणार नाही.

तिचा नवरा झीसिस लष्करात होता. ज्या कड्यावर तो गोळी लागून पडला, तिथेच समोरून स्टेर्यो लढत होता. तेरा वर्षं आम्ही हा विषय काढला नाही. परवा रविवारी मीच काढला. म्हटलं, घर तुझ्या नावे करतेय, पण आधी विचार कर. गोळी माझ्या पोराची असली तर?

ती घेवडा सोलत होती. हात थांबले नाहीत.

"मग तर त्याला परत यायला घर हवंच, अर्गिरो. तोंडावर विचारायला तो मला सापडायला नको?"

वाचून दाखवलं, पटलं, अंगठा दिला.

अर्गिरो (अंगठा)

साक्षीदार: क्लेआंथिस, शिक्षक (सही)
पाद्री थोमा (सही, शेळ्यांचं कलम वाचून दाखवलेलं नाही)

पेट्रोखोरी, १७ ऑक्टोबर १९६२