चालुक्यकालीन दीपलक्ष्मी

३ एप्रिल १९३७
वाटणी झाली. पंच चिकोडीहून आले होते, पोटभर जेवून गेले. भावकूला धाकटा भाऊ म्हणायची लाज वाटते. भांड्यांच्या ढिगात दीपलक्ष्मी पडली होती. पितळेची बाई, हातात दिवा, खांद्यावर पोपट, अंगावर तेल आणि काजळीचे पुट. ती भावकूच्या वाट्याला गेली. मी तोंडावर काही दिसू दिले नाही. मग सहज म्हणालो, ती बाई मला दे आणि माझे ओढ्याकडचे काळे शेत तू घे. भावकू बघतच राहिला. म्हणाला, खरं म्हणतोस व्हय रं आण्णा? पंचांनीही पुन्हा पुन्हा विचारले. मी सही ठोकली. मूर्ती विजयनगरची आहे! गाढवाला गुळाची चव काय.

४ एप्रिल, बेळगाव
सौ.ला आनंदाची बातमी दिली. तिने मूर्तीकडे बोट केले. म्हणाली, श्यात दिलासा आन ही आणलासा? रात्री भाकरी मिळाली, कालवण नाही. संकल्प: हिला यापुढे काहीही सांगायचे नाही.

१८ एप्रिल
लायब्ररीतून मूर्तिशास्त्रावरचे जाडजूड इंग्रजी पुस्तक आणले. चित्रे सगळी पाहिली. नाकावरून मूर्ती विजयनगरची नाही, चालुक्यांची ठरते. एका बैठकीत सातशे वर्षांची भर पडली.

२ मे
ड्रॉइंग मास्तर हरिभाऊंना दाखवली. चहा प्यायले, चिवडा खाल्ला आणि म्हणाले, अशीच एक माझ्या सासुरवाडीला आहे. मत्सर! संबंध तोडले. चिवडा फुकट गेला.

११ मे
भांडीवाल्याकडे नेली. मी वय विचारले, त्याने उचलून तराजूत घातली. मोडीचा भाव देतो म्हणाला. त्या गल्लीत पुन्हा पाऊल टाकणार नाही. कचेरीला लांबून जावे लागेल. हरकत नाही, व्यायाम होईल.

२६ जून
व्यायाम होत नाही, लेटमार्क होतो. हेडक्लार्क मारुतीरावांनी सर्वांदेखत माझे नाव ‘चालुक्य’ पाडले. आता पट्टेवालासुद्धा म्हणतो, चालुक्यसाहेब, तुमास्नी बोलावलंय. ऐकून घेतो. मूर्ती एकदा म्यूझियमात जाऊ दे, राजीनामा मारुतीरावाच्या टकलावर आपटतो.

१४ ऑगस्ट
भावकूने ओढ्याकडे तंबाखू लावली. रोप झकास धरले म्हणे. पावसाने झोडपून काढावी अशी दीपलक्ष्मीपुढे उभा राहून प्रार्थना केली. मागे सौ. उभी होती. म्हणाली, सख्ख्या भावाचं वाईट चिंतायला बी द्येवच लागतोय व्हय तुमास्नी? हिचे माहेरच तसले.

२० नोव्हेंबर
शेवटी दिवस उगवला. असिस्टंट कलेक्टरसाहेबांना जुन्या वस्तूंचा नाद आहे. उद्या बंगल्यावर बोलावले आहे. योजना: साहेब आकडा बोलेल, मी फक्त हसायचे. तो आकडा वाढवील, मी पुन्हा हसायचे. आरशासमोर सराव केला.

२१ नोव्हेंबर, सकाळ
घात! सौ.ने पहाटे चिंच आणि राख लावून मूर्ती घासली. बाराशे वर्षांचे काळेपण मोरीतून वाहून गेले. वर मलाच विचारते, सायबाफुडं ही काळी आवस न्यायची व्हय? लोक मला काय म्हणतील? बाई आता कालच विकत आणलेल्या तांब्यासारखी चकचकते आहे. बोलायला वेळ नव्हता. रात्री बोलीन.

त्याच दिवशी, संध्याकाळ
साहेबाने मूर्ती उलटी केली. खाली बैठकीवर ठिपक्याठिपक्यांची अक्षरे, आपण भांड्यावर नाव घालतो तशी. इतकी वर्षे काजळीखाली होती. साहेब मराठीची परीक्षा पास झालेला. बोट ठेवून मोठ्याने वाचू लागला: चि. यशोदा हीस लग्नात मामाकडून, शके १८१०. यशोदा म्हणजे आमची आई. बटलर फिस्सकन हसला. मी साहेबांना सांगितले की मामा नावाचा एखादा मांडलिक राजा असू शकेल आणि शक मागाहून कोणी घातला असेल. साहेबाने घड्याळ पाहिले. हसायची वेळ माझ्यावर आलीच नाही.

१२ डिसेंबर
गावी गेलो. मोठ्या मनाने भावकूला म्हणालो, आईची वस्तू आहे, तू आईचा लाडका, तूच ठेव. मला ते शेत परत दिलेस तरी चालेल. तो कमरेएवढ्या तंबाखूत उभा होता. म्हणाला, आईचा आहेर हाय ह्ये मला ठावं व्हतं की. तू मागिटलास, मी दिलो. सही झालिया, आता कागुद बोलंल. पाणीसुद्धा विचारले नाही. मेला मला तरी!

९ मे १९३८
भावकूच्या थोरल्या पोराचे, जोतिबाचे लग्न. निपाणीच्या व्यापाऱ्याने ओढ्याकडची तंबाखू चांगल्या भावाने उचलली, म्हणून मांडव एवढा मोठा. चुलत्याचा आहेर जड हवा, नाहीतर भावकीत नाक कापले जाते. घरात जड असे एकच होते. सौ.ने मला न विचारता ते बांधून घेतले, खाली नवी ओळही घालून घेतली: चि. जोतिबास चुलत्याकडून, शके १८६०. भावकूने भर मांडवात दीपलक्ष्मी दोन्ही हातांनी वर धरून सगळ्यांना दाखवली. वाटणीचे पंच पहिल्याच पंगतीला होते. एकाला हसताना ठसका लागला, पाठीत थापट्या माराव्या लागल्या. माझ्या डोळ्यांना पाणी आले. चुलाणाचा धूर इकडेच येत होता.

शेत भावकूचे, दीपलक्ष्मीही भावकूची. मग आमच्या वाटणीला काय आलं म्हणायचं, असे सौ.ने परतीच्या मोटारीत विचारले. मोटारीचा आवाज फार होता, मला काही ऐकू आले नाही.