शेवट ताईने वाचायचे

दि. २९ मे, दुपार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. तू बरी असशील. फोन तू उचलत नाहीस, मेसेज पोचल्याची खूण उमटते आणि पुढे सगळं गुडुप, म्हणून म्हटलं कागदच पाठवावा. पत्र न वाचता फाडायचा तुझा स्वभाव नाही. समोर अक्षर आलं की तू वाचणारच.

या उन्हाळ्यात मी पुस्तकांचा नुसता फडशा पाडलाय. कोपऱ्यावरच्या वाचनालयातल्या बाई मला बघितलं की न विचारताच कपाटाची किल्ली काढतात. आधी बर्फातून एकटीने सायकल चालवणाऱ्या बाईचं प्रवासवर्णन वाचलं. काय जिगर गं तिची! पण दर दोन पानांनी स्वतःच्या गुडघ्यांचं कौतुक. आई म्हणाली, "हिला म्हणावं, गुडघे राहू दे, रस्ता दाखव." मग एक रहस्यकथा. खून माळ्याने केलाय हे आईने दुसऱ्याच प्रकरणात ओळखलं आणि वर लेखकालाच बावळट ठरवलं. मला मात्र आवडली. त्यातला म्हातारा फौजदार प्रत्येक संशयिताला आधी "जेवलात का?" असं विचारतो.

म्हणजे मी मोठ्याने वाचते आणि आई ऐकते, असं चाललंय. आपल्या लहानपणी सुट्टीत चालायचं तसंच. ती शाळांचे गणवेश शिवायची आणि आपण मशीनजवळ बसून आळीपाळीने वाचायचो. गोष्ट रंगली की तिचा पाय थांबायचा. एकदा त्या भरात तिने एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या होत्या, आठवतंय? शेवटचं प्रकरण मात्र नेहमी तुझ्याकडे. मला रडू फुटायचं, वाक्य पुरं व्हायचं नाही आणि आई ओरडायची, "रडूबाई, दे ते इकडे. शेवट ताईने वाचायचे."

आता त्या मशीनवर औषधं ठेवलीत. हे इतक्यात लिहायचं नव्हतं, पण लिहून गेले. ताई, आई मार्चपासून अंथरुणाला खिळली आहे. दुखणं पोटात होतं, ते आता सगळीकडे पसरलंय. डॉक्टर म्हणाले, घरी घेऊन जा. का म्हणाले, ते तुला वेगळं सांगायला नको. "तिला कळवलंस तर याद राख," असा आईचा दम होता. तू तिच्या मनाविरुद्ध लग्न करून गेलीस तेव्हा ती म्हणाली, मला एकच मुलगी आहे. तू म्हणालीस, मग मलाही आई नाही. दोघी एकाच माळेचे मणी! आणि मधल्या मधे जीव जातोय तो माझा.

खरं सांगू? मी पुस्तकं संपवतच नाहीये. त्या सायकलवालीच्या वेळी आई म्हणाली होती, "हे पुस्तक संपेपर्यंत तरी मी आहे." सहज म्हणाली, पण माझ्या डोक्यात तेच बसलं. तेव्हापासून शेवट जवळ आला की मी मनाने भर घालते. सायकलवालीला मी आणखी दोन डोंगर चढायला लावले. माळ्याला तुरुंगातून पळवलं. आई डोळे मिटून ऐकते आणि मी थापा मारते. शुद्ध वेडेपणा आहे, कळतंय मला. पण दुसरं माझ्या हातात आहे तरी काय?

सध्या एका नावाड्याची कादंबरी चालू आहे. या उन्हाळ्यातलं सगळ्यात चांगलं पुस्तक. लेखक कुठेही गळा काढत नाही. नदी, दोर, ओले पाय, एवढंच सांगतो. नावाड्याची थोरली भांडून पलीकडच्या काठाला निघून गेलेली असते. तो रोज संध्याकाळी रिकामी नाव तिकडे नेतो आणि परत आणतो, कारण कुणालाच सांगत नाही. काल आम्ही शेवटच्या प्रकरणाशी आलो. पुढची पानं मी आधीच चोरून वाचली होती, त्यामुळे पुस्तक मांडीवर तसंच ठेवलं आणि रचून सांगायला लागले. संध्याकाळ झाली, नाव काठाला लागली, तर मुलगी पिशवी घेऊन उभी. म्हणाली, "बाबा, सरका, मी वल्हवते."

आई म्हणाली, "हे पुस्तकात नाहीये."

"आहे गं, आई."

"पान उलटल्याचा आवाज आला नाही. उन्हाळाभर ऐकतेय मी. शेवट आला की तुझी पानं मुकी होतात."

माझं रडू सुरू झालं. तिने चाचपडत पुस्तक ओढून घेतलं, छातीवर उपडं ठेवलं आणि म्हणाली, "तुझ्याच्याने नाही व्हायचं. शेवट ताईने वाचायचे."

ऐकतेस ना? इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडून 'ताई' आलं. आज सकाळी अंग पुसताना मी पुस्तक बाजूला ठेवायला गेले तर देईना. औषध नको म्हणाली, पाणीसुद्धा जेमतेम दोन चमचे गेलं. मधूनच दाराकडे बघते आणि मी बघतेय असं दिसलं की भिंतीकडे तोंड फिरवते. मिजास अजून तीच.

मी पाया पडते तुझ्या. माफी कुणी कुणाची मागायची ते नंतर बघू, नाहीतर दोघींच्या वतीने मीच मागते. तू फक्त ये. एकटीला मला हे झेपत नाहीये गं. शेजारचे ड्रायव्हरकाका आत्ता तुझ्या गावाकडे निघालेत, त्यांच्याच हाती हे पत्र देतेय. ते उद्या सकाळी गाडी घेऊन परत फिरणार आहेत. त्यांच्याबरोबर निघ.

नावाड्याच्या मुलीचं खरं काय होतं ते मी सांगणार नाही. आलीस की आईच्या हातातून पुस्तक घे आणि जे लिहिलंय तेच वाच. ती ऐकू शकेल, घाबरते ती मी. फक्त दारातून आत येताना पिशवी लगेच खाली ठेवू नकोस. तिला ती दिसू दे. म्हणजे मी आईला खोटं वाचून दाखवलं, असं व्हायचं नाही.

दार उघडंच ठेवून बसलेली
तुझी रडूबाई