गादीवर पाण्याचा ग्लास

११ जुलै, शुक्रवार. मेसा.

ठरलं. रविवारी लाफलिनला निघायचं. नदीकाठची तीन कॅसिनो हॉटेलं, गुरुवारपर्यंत मुक्काम, प्रत्येक खोलीची शास्त्रशुद्ध तपासणी. आमच्या मोबाइल होम पार्कातल्या, म्हणजे तयार घरांच्या वसाहतीतल्या, मंडळींची ऑक्टोबरच्या सहलीची बस कुठल्या हॉटेलात न्यायची, हे पुढच्या शनिवारी पॅनकेकच्या मीटिंगमध्ये ठरणार आहे. शेजारचा गॉर्डी म्हणतो, गोल्डन म्यूल. गॉर्डीने आयुष्यभर बागेचे पाइप विकले. मी उभा जन्म गाद्यांच्या शोरूममध्ये काढला. खोली कुणी बघायची हे सांगायला नको.

बुधवारी आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतात. मार्लीसला विचारलं, काय हवं. म्हणाली की एक खोली, एक पलंग, एक टब. एप्रिलमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तिचं, तो गरम पाण्यात शेकायचा आणि खिडकीतून नदी बघायची, बाकी काही नको. मी शब्द दिला, नदीवरची सर्वांत चांगली खोली देईन. आता सर्वांत चांगली कुठली हे सगळ्या बघितल्याशिवाय कसं कळणार? ती म्हणाली, सगळ्या तू बघ, मला एकीत झोपू दे. विनोदी स्वभाव आहे तिचा.

खोल्या फुकट. तिन्ही हॉटेलांचा मालक एकच, त्यामुळे खेळाडूचं कार्डही तिन्हीकडे एकच चालतं. जुगाराच्या मशीनमध्ये कार्ड घालून खेळत राहिलं की ते लोक नोंद ठेवतात आणि खूश झाले की खोली देतात. दोन कार्डं आहेत, एक माझ्याकडे, एक मार्लीसकडे. दोन्हींचं खातं अर्थात माझ्या नावावर. शिवाय जुलैत त्या वाळवंटात कुणी जात नाही, म्हणून गर्दी नाही. मार्लीस म्हणाली, फुकट ते पौष्टिक, नाही का. कौतुकानेच म्हणाली असावी.

संकल्प: चिडायचं नाही. पदरचा खर्च नाही. पाय (खायचा, गोड सारणाचा) दिवसाला एकच तुकडा.

१३ जुलै, रविवार. सिल्व्हर पॅडल.

चेक-इनची एक युक्ती जगाला माहीत आहे. लायसन्स आणि क्रेडिट कार्डाच्या मध्ये वीसची नोट घडी करून सरकवायची आणि सहज विचारायचं, काही बरी खोली रिकामी आहे का. पण वीस कशाला? मी एक-एकच्या पाच नोटांची जाड घडी केली. घडीचं वजन महत्त्वाचं. काउंटरवरच्या पोरीने ती उलगडून रांगेदेखत मोजली आणि म्हणाली, सर, तुमचे सुटे पैसे यात अडकलेत. मार्लीस खांबामागे जाऊन उभी राहिली. खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टला चिकटून. टब नाही.

गादीची तपासणी. ग्लास-चाचणी ही माझी स्वतःची. गादीच्या एका बाजूला काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास ठेवायचा, दुसऱ्या बाजूला माणसाने कूस बदलायची. पाणी हललं की गुण कापायचे. मी ग्लास बघतो, मार्लीस कूस बदलते. लग्न झाल्यापासून हीच विभागणी आहे आणि उत्तम चालली आहे. आज मात्र ती फार हळू वळली. म्हणाली, गुडघा. हळू वळल्याने निकाल बिघडतो हे समजावून सांगितलं. चौथ्या खेपेला नीट वळली, जरा ओरडली, आणि ग्लास तिच्याच बाजूला सांडला.

गादी: दहापैकी चार. टॉवेल: सहा. मार्लीस खुर्चीत झोपली. खुर्ची: सात. (तिच्या मते दोन. पण तिला खुर्च्यांतलं कळत नाही.)

१४ जुलै, सोमवार. रिव्हर डचेस.

मुक्काम हलवला. एका रात्रीत खोलीचं जे कळायचं ते कळतं. दुसरी रात्र म्हणजे निव्वळ लाड.

पारा एकशे अठरा फॅरनहाइट. गाडीने जाता आलं असतं, पण पॅडलच्या पार्किंगमध्ये सावलीची जागा मिळाली आहे आणि ती सोडणं मूर्खपणा. म्हणून बॅगा घेऊन नदीकाठाने चालत. मार्लीस मध्येच बाकावर टेकली आणि टेकल्या टेकल्या उठली, बाक तापला होता. वॉटर टॅक्सीवाल्याने होडीतून हाक मारली की मी पैसे घेत नाही, बाईंना तरी पाठवा. फुकट म्हणतात आणि मग टिपसाठी हात पुढे करतात. मी ओरडून सांगितलं, डॉक्टरांनीच हिला चालायला सांगितलंय. मार्लीस म्हणाली, डॉक्टरांनी घरातल्या घरात सांगितलं होतं, चाकांच्या बॅगेसारखं उन्हात ओढत न्यायला नव्हे. तिला तपशील आठवतात, भाव आठवत नाही.

खोली मात्र झकास. नदीकडची. टब आहे. मार्लीस बूट काढून नळ सोडायला निघाली, तिला थांबवावं लागलं. आवाजाची तपासणी कोरड्या, रिकाम्या खोलीतच होते. पाइपात पाणी वाहायला लागलं की संपलं. तिचा श्वासही अलीकडे जड झालाय. तिला खाली कॅसिनोत पाठवलं, संध्याकाळपर्यंत वर येऊ नकोस म्हटलं. बसून काय करू म्हणाली. कालच्या त्या पाच नोटा दिल्या आणि म्हटलं, कार्ड घालून खेळ, जपून वापर.

संध्याकाळी वर आली तर गाल लाल. मशीनसमोरच्या स्टुलाला मऊ गादी आहे म्हणे, पाय ठेवायला दांडी आहे, आणि पेय आणून देणारी मुलगी दोनदा विचारून गेली की गुडघा कसा आहे. हे मी का लिहून ठेवतोय कोण जाणे.

गादी: आठ. आवाज: नऊ. बर्फाचं मशीन: लांब. मार्लीस: तीन तक्रारी.

१५ जुलै, मंगळवार. डचेसच, पण दुसरी खोली.

मोठी बातमी. सकाळी खोलीत फळांची टोपली आली. सोबत चिठ्ठी, आपलं कार्ड आजपासून गोल्ड. बड्या खेळाडूंची सरबराई बघणारी इथली बाई, क्रिस्टल, तिची सही. अखेर कुणाच्या तरी लक्षात आलं. मी पोकरच्या मशीनवर एक क्वार्टर, म्हणजे पाव डॉलर, टाकतो आणि मग बराच वेळ विचार करतो. अशा अभ्यासू माणसाची कॅसिनोवर छाप पडतेच.

गॉर्डीला फोन करून सांगितलं. तो नुसता हं म्हणाला. जळला.

गोल्ड कार्डाचा पहिला उपयोग: काउंटरवर जाऊन नदीकडची खोली बदलून पार्किंगकडची मागितली. काउंटरवरच्या माणसाला वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्याला सांगितलं, एकाच हॉटेलातल्या चांगल्या आणि वाईट खोलीची तुलना केल्याशिवाय चांगलीला चांगली कशी म्हणायची? त्याने मार्लीसकडे बघितलं. मार्लीसने त्याच्याकडे बघितलं. दोघांनाही मुद्दा पटलेला दिसला.

लिफ्टमध्ये ती म्हणाली, ड्वेन, कालच्या टबात मी बोटसुद्धा बुडवलं नाही. मग म्हणाली, उद्या मी हलणार नाही. नीट ऐक, हलणार नाही. बॅग उघडलीसुद्धा नाही तिने. मी म्हटलं, छान, म्हणजे उद्या भरायला नको.

दुपारी पुन्हा खाली पाठवलं. पार्किंगकडच्या गादीचे निकाल तिच्याशिवाय घ्यावे लागले, कारण कूस बदलायला ती चक्क नाही म्हणाली. ग्लास ठेवला आणि मीच उडी मारली. चादर बदलून मागितली आहे.

पाय: दोन तुकडे. पण एक सफरचंदाचा होता, तो फळात धरला.

१६ जुलै, बुधवार. लग्नाचा वाढदिवस.

सकाळी कॉफी पिताना मार्लीसने पर्समधून एक कार्ड काढून टेबलावर ठेवलं. नवीन. तिच्या नावाचं.

हकीगत अशी. सोमवारपासून त्या पाच डॉलरवर ती जिंकत होती आणि जिंकलेलं पुन्हा लावत होती. काल दुपारी तिच्या मशीनवर जॅकपॉट लागला. दिवे, घंटा, माणसं जमली. मोठी रक्कम असली की ओळखपत्र बघतात. लायसन्सवर मार्लीस, मशीनमधल्या कार्डावर ड्वेन. क्रिस्टल आली, तिने नोंदी बघितल्या आणि हसून विचारलं की गोल्डपर्यंत पोचला तो खेळ मग तुमचा की नवऱ्याचा? मार्लीस म्हणाली, नवरा वर गादीवर पाणी ठेवून बसलाय. क्रिस्टलने तिथल्या तिथे तिच्या नावाचं कार्ड काढलं, तिचा सगळा खेळ माझ्या खात्यातून तिच्या खात्यात फिरवला, आणि वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली सुईट दिली. दोन बाजूंनी नदी. टब खिडकीशी. हवं तितके दिवस.

किती लागले विचारलं. सांगितलं नाही. पर्समधून एक-एकच्या पाच नोटा काढल्या आणि म्हणाली, भांडवल तुझं होतं, घे परत.

मग म्हणाली, तूही वर ये. ग्लास नाही, गुण नाहीत, बॅग भरणं नाही. शुक्रवारपर्यंत नुसतं राहायचं. म्हणाली, चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी तुला कुठेतरी बोलावतेय.

मला बरं वाटलं, हे नाकारत नाही. पण माणसाने पद्धत सोडू नये. सुईट ही साधी खोली नव्हे, ती तुलनेत बसतच नाही. शिवाय गोल्डन म्यूलची खोली आजच्या तारखेला राखून ठेवलेली, ती वाया घालवायची? तिथली तपासणी राहिली तर शनिवारी गॉर्डी मला उभा चिरेल. तिला हे सगळं शांतपणे सांगितलं. म्हटलं, तुझा हट्ट संध्याकाळपर्यंत पुरव, सहाला म्यूलच्या डायनिंग रूममध्ये ये. गाडीची किल्ली तिच्याकडेच राहू दिली, म्हणजे चालावं लागणार नाही. इतका विचार कोण करतं?

तिने माझ्या शर्टाची कॉलर सरळ केली आणि लिफ्टकडे गेली.

दुपार, म्यूल. काउंटरवर गोल्ड कार्ड दिलं. तिथल्या मुलाने बघितलं आणि म्हणाला, सर, हे आता गोल्ड नाही. खात्यात तुमचा स्वतःचा खेळ जेमतेम आहे. खोली फुकटच मिळेल, पण मागच्या इमारतीत. विचारलं, कॉम्प्युटर बिघडलाय का? म्हणाला, नाही, आत्ताच नीट झाला.

साडेसहा. डायनिंग रूम. लग्नाच्या वाढदिवसाला इथे केकचा तुकडा फुकट असतो. दोन काटे मागवले. मार्लीस कपडे बदलत असणार. गुडघ्यामुळे मोजे घालायला वेळ लागतो तिला. पॅडलच्या तिसऱ्या मजल्यावर कोण मदत करत होतं? कुणीच नाही, तरी घातलेच ना.

आठ वाजायला आले. वाढपिणीने विचारलं, दुसरा काटा उचलू का. म्हटलं, राहू दे. थोड्या वेळाने तिने न विचारता उचलला. केक: पाच. आयसिंग जाड. दोन्ही वाटे मीच संपवले, पायच्या हिशेबात धरायचा नाही.

ती येईलच. दुखऱ्या गुडघ्याची बाई, जाणार कुठे?

१७ जुलै, गुरुवार.

सकाळी डचेसला गेलो. चालत. बाक खरंच तापतो.

काउंटरवर सांगितलं, वरच्या सुईटमधल्या बाईंचा नवरा आलाय. पोरीने कॉम्प्युटर बघितला आणि म्हणाली, तिथे एकच नाव आहे, सर, विचारून सांगते. वर फोन लावला. ऐकलं. मग मला सांगितलं की मॅडम टबात आहेत. रविवारपासून काल पहिल्यांदा झोप लागली म्हणतायत. नाश्त्याला जरूर या म्हणतायत, फक्त हात रिकामे ठेवून.

माझ्या हातात ग्लास होता. पॅडलचा आहे, माप ठरलेलं आहे, दुसऱ्या ग्लासाने तुलना बिघडते. मी म्हटलं, त्यांना सांगा, सुईट तुलनेत घ्यायला मी तयार आहे, दहा मिनिटांचं काम, त्यांनी फक्त दोनदा कूस बदलायची. पोरगी फोनमध्ये बोलली. बराच वेळ ऐकत राहिली. माझ्यामागे रांग झाली होती. मग तिने रिसीव्हरवर हात ठेवला आणि विचारलं, सर, मॅडम विचारतायत, इतक्या वर्षांत तुम्ही कधी त्यांच्याकडे कूस बदललीत का?

मी सांगितलं, चाचणी तशी करत नाहीत.

तिने ते शब्दशः वर कळवलं. मग फोन ठेवला. म्हणाली, मॅडमनी सांगितलंय, शुक्रवारी त्या निघणार नाहीत, पुढच्या आठवड्याचं पुढे बघतील. गाडी त्यांना लागेल. मेसाची बस म्यूलच्या समोरूनच सुटते. रांगेतला एक माणूस बाजूला झाला आणि म्हणाला, काका, बसा हवं तर. बसलो नाही.

दुपारी गॉर्डीचा फोन. शनिवारची वाट न बघता पार्काची बस डचेसला न्यायची ठरली. मार्लीसने परस्पर क्रिस्टलशी बोलून सगळ्यांना नदीकडच्या खोल्या मिळवून दिल्या म्हणे, आणि गॉर्डीने लगेच होकार दिला. मी त्याला सांगितलं, माझाही निष्कर्ष तोच होता. तो मग म्हणाला, ड्वेन, जेवलास का? गॉर्डीकडून असलं ऐकून घ्यायची वेळ आली.

शर्ट तोच घातला. कॉलर आपोआप वर होते.

संध्याकाळ. तपासणी पुरी करतो. हाती घेतलेलं काम अर्धवट टाकायची सवय नाही.

गोल्डन म्यूल, मागची इमारत. खिडकी: कचऱ्याच्या डब्यांवर. टॉवेल: तीन, त्यातला एक ओला. टब: आहे. नळ सोडून बघितला, गरम पाणी लगेच येतं. मग बंद केला.

गादी: एका बाजूला ग्लास काठोकाठ भरून ठेवला. दुसऱ्या बाजूला कुणी नव्हतं. मी खुर्चीत बसून अंधार पडेपर्यंत बघत होतो. पाणी जराही हललं नाही. उभ्या जन्मात असा निकाल बघितला नाही.

दहा.